घटनाकार डॉ. आंबेडकर आणि शहापूर-मुरबाडचे कूळ

स्मरणिकेत एखादा लेख इतिहासावर असावा, ही प्रथा चांगली आहे. आपल्या भागाचा इतिहास म्हटला की बहुधा माहुलीचा गड आठवतो, १६३६ साली त्या गडाच्या आश्रयाने शहाजीराजांनी दिलेली अखेरची झुंज आठवते, आणि ऊर अभिमानाने भरून येतो. तो अभिमान सार्थच आहे. परंतु ज्या इतिहासाचा दस्तऐवज आपल्यापैकी अनेकांच्या घरी लाकडी पेटीत, लग्नपत्रिका आणि जुन्या पावत्या यांच्या खाली, घडी घालून ठेवलेला आहे, त्या इतिहासाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो दस्तऐवज म्हणजे कूळ कायद्याच्या कलम ३२-म अन्वये मिळालेले जमीन-खरेदीचे प्रमाणपत्र होय.

प्रस्तुत लेखकाच्या आजोबांच्या पेटीत असा एक कागद होता. आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण तो कागद कोणत्या बाजूने उलगडावयाचा हे त्यांस अचूक ठाऊक होते. दर दसऱ्यास कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्या शेजारी तो कागदही पाटावर ठेवला जाई. लहानपणी आम्हांस त्याचे हसू येई. पुढे शिक्षण झाल्यावर कळले की आजोबांनी पुजलेला कागद खरोखरच एका शस्त्राचा तुकडा होता. ते शस्त्र म्हणजे भारताची राज्यघटना. त्या घटनेच्या मसुद्याची जबाबदारी ज्यांनी वाहिली, ते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर कोकणातील आंबडवे ह्या गावच्या घराण्यातले. कोकणातील कुळाचे दुःख त्यांस पुस्तकात वाचावे लागले नव्हते. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

कुळाची पूर्वस्थिती

आज भिवंडी-कल्याणच्या कारखान्यांत नोकरीस जाणाऱ्या आपल्या तरुणांस जुन्या काळची कल्पना करून देणे अवघड आहे. शेत कसावयाचे कुळाने आणि नाव लागावयाचे दुसऱ्याचे. मालक कल्याणला, ठाण्यास अथवा मुंबईस. शिवारात वर्षातून एकदा दर्शन, तेही खळ्यावर. खंड भाताच्या मणांत ठरे, आणि पाऊस दगा देवो की कीड पडो, मण कमी होत नसत. पावसाळ्यात घरातील दाणा संपला की खावटी उचलावयाची आणि सुगीला ती दिढीने फेडावयाची. फिटली नाही तर पुढील वर्षाच्या खात्यावर. त्याखेरीज मालकाच्या घरी लग्नकार्य निघाले, घर शाकारावयाचे असले, गवत कापावयाचे असले, तर वेठ. वेठीला मजुरी नसे आणि नकारही नसे.

आदिवासी बांधवांची स्थिती ह्याहूनही बिकट होती. डी. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी डोंगराळ भागातील आदिवासींची पाहणी करून १९३९ साली जो अहवाल दिला, त्यात ठाणे जिल्ह्यातील वेठ आणि कर्जापायी आलेले दास्य यांची नोंद सरकारी कागदावर झालेली आहे. पुढे १९४५ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या टिटवाळ्यास महाराष्ट्रातील किसान सभेचे अधिवेशन भरले, आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूकडील वारली उठून उभे राहिले.

शहापूर तालुक्याची आणखी एक गोष्ट फारशी कोणास माहीत नाही. १९३५ च्या कायद्याखाली इंग्रज सरकारने जी क्षेत्रे 'अंशतः वगळलेली' म्हणून जाहीर केली, त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव ह्या पेट्यांचा समावेश होता. ह्याचा अर्थ असा की, मुंबईच्या विधिमंडळाने केलेला कायदा गव्हर्नरांनी आज्ञा दिल्यावाचून ह्या भागास लागू होत नसे. एक तर मताचा अधिकार जमिनीचा सारा, मालमत्ता आणि शिक्षण यांवर अवलंबून. त्यामुळे बहुसंख्य कुळांस मत नाही. आणि ज्यांस मत होते त्यांनी निवडलेल्या सभेचा कायदाही आपल्या उंबरठ्याशी येऊन थांबावयाचा. पारतंत्र्यात हे दुसरे पारतंत्र्य होते.

१९३७ चे विधेयक

घटनाकार म्हणून डॉ. आंबेडकरांचे नाव घेताना आपण बहुधा १९४७ पासून आरंभ करतो. शेतकऱ्याने मात्र दहा वर्षे मागे जावे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे बहुतेक उमेदवार मुंबई विधानसभेत निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी डॉ. आंबेडकरांनी सभेत खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी भरपाई द्यावी, पण जो जमीन कसतो त्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, मधला खोत नसावा, हे त्या विधेयकाचे सार होते.

खोती हा मुख्यतः रत्नागिरी-कुलाबा भागातील प्रश्न. आपल्याकडील सावकारी आणि मालकी यांचे रूप निराळे. पण दुखणे एकच होते. खोतीखाली भरडला जाणारा शेतकरी महार होता, तसा कुणबी होता, आगरीही होता. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी जो संप चालविला, त्यास डॉ. आंबेडकरांचे पाठबळ होते. १९३४ साली ते स्वतः चरीस आले होते. ज्या काळी एका पाणवठ्यावर उभे राहणे दुरापास्त होते, त्या काळी हे सर्व एका मागणीसाठी एकत्र आले, ही घटना आपण विसरता कामा नये.

१० जानेवारी १९३८ रोजी ठाणे, कुलाबा, रत्नागिरी आदि जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईच्या विधानसभेवर मोर्चा नेला. खोती रद्द करा, थकलेला खंड माफ करा, शेतमजुरास किमान मजुरी द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिष्टमंडळ मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांस भेटले. परंतु ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. पुढे महायुद्ध सुरू झाले, १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रश्न तसाच राहिला.

ह्या अपयशाने डॉ. आंबेडकरांस काय शिकविले असेल? त्यांच्या पुढील कार्यावरून अनुमान करावयाचे तर दोन गोष्टी दिसतात. एक, ज्याला मत नाही त्याचे विधेयक सभेत फार काळ जिवंत राहत नाही. दुसरी, माणसाचे काही हक्क सभेतील बहुमताच्या मर्जीवर सोडून चालत नाहीत. ते सभेच्याही वर, मूलभूत कायद्यात असावे लागतात. प्रौढ मतदान आणि मूलभूत हक्क ही राज्यघटनेची दोन चाके. ती जगातील ग्रंथांतून आली हे खरेच; पण कोकणातील चिखलवाटेवरही त्यांचा ठसा आहे, असे म्हणावयास जागा आहे.

घटना समितीत प्रवेश

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी दिल्लीस भरली. त्या समितीत डॉ. आंबेडकर मुंबई प्रांतातून निवडून येऊ शकले नव्हते. बंगालमधील जोगेंद्रनाथ मंडल आदि सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते तेथून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेली. तेव्हा घटना समितीचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ३० जून १९४७ रोजी मुंबईचे मुख्यमंत्री खेर यांस पत्र लिहून डॉ. आंबेडकरांस मुंबईतून निवडून पाठवावे असे कळविले. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागी ते जुलैमध्ये निवडून आले.

येथे क्षणभर थांबावे. ज्या खेरांच्या दाराशी १९३८ साली डॉ. आंबेडकरांचा मोर्चा गेला, त्याच खेरांच्या सरकारपक्षाने १९४७ साली त्यांस घटना समितीत पाठविले. ज्या काँग्रेसशी त्यांनी आयुष्यभर वाद घातला, तिच्याच मंत्रिमंडळात ते कायदेमंत्री झाले. मतभेद बाजूस ठेवून राष्ट्रकार्यास योग्य माणूस निवडण्याचा मोठेपणा एका बाजूस, आणि जुने सल विसरून ती जबाबदारी पत्करण्याचा मोठेपणा दुसऱ्या बाजूस. गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत दोन पिढ्या एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या आपणांस हा धडा पुरेसा आहे.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. समिती सात जणांची; अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुनशी, सादुल्ला यांसारखे नामांकित सदस्य तीत होते. पण कोणी आजारी, कोणी दिवंगत, कोणी अन्य राजकार्यात गुंतलेले. त्यामुळे अखेरचा भार प्रामुख्याने अध्यक्षांवरच पडला, असे समितीचेच एक सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ रोजी भर सभेत सांगितले. मधुमेहाने शरीर पोखरलेले असता हा माणूस कलमामागून कलम मांडीत होता, आक्षेपकास उत्तर देत होता, पटलेली दुरुस्ती स्वीकारीत होता. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष चर्चेस आल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे असलेली राज्यघटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून ती अमलात आली.

घटना एकट्या माणसाने लिहिली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही, आणि त्यांस स्वतःसही ते मान्य नव्हते. घटनासल्लागार बी. एन. राव यांनी पहिला कच्चा मसुदा तयार केला होता, एस. एन. मुकर्जी यांनी कलमांची भाषा घासून पुसून दिली. ह्या दोघांचे ऋण डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात मोकळ्या मनाने मान्य केले. श्रेय वाटून देणारा पुढारी दुर्मिळ असतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

स्वतःच्या मताला मुरड

मुत्सद्द्याची खरी कसोटी आपले म्हणणे पुढे रेटण्यात असते, तशीच ती मागे घेण्यातही असते. मार्च १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीच्या विचारार्थ एक निवेदन सिद्ध केले होते. सर्व शेतजमीन सरकारच्या मालकीची करावी, ती गावकऱ्यांस सामुदायिक रीतीने कसावयास द्यावी, मालक, कूळ आणि भूमिहीन मजूर हा भेदच उरू नये, आणि हे सर्व घटनेतच लिहून टाकावे, असे त्यांचे मत होते.

ते मत समितीस मान्य होण्यासारखे नव्हते. मसुदा समितीच्या अध्यक्षपदी आल्यावर त्यांनी ते लादण्याचा प्रयत्न केला नाही. उलट नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत समाजवादाचा स्पष्ट उच्चार करावा अशी दुरुस्ती आणली, तेव्हा तिला विरोध करताना त्यांनी सांगितले की, समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे पुढील पिढ्यांनी आपल्या मताने ठरवावयाचे आहे. आपण त्यांचे हात बांधू नयेत. कुळाच्या हाती जमीन देता आली नाही, पण मत देता आले. त्या मताने तो जमीन मिळवील, असा तो विश्वास होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत लागली. शहापूर-मुरबाडचा अंगठेबहाद्दर आणि मुंबईचा गिरणीमालक यांच्या मताचे वजन सारखे झाले. त्याच निवडणुकीत खुद्द डॉ. आंबेडकर मुंबईत पराभूत झाले. मतदाराच्या हक्कासाठी झटलेल्या ह्या पुरुषाने पुढे राज्यसभेत बसून काम केले.

आपल्या उपयोगाची कलमे

घटनेच्या सर्व कलमांचा विचार येथे शक्य नाही. ज्यांनी आपल्या शिवारात प्रत्यक्ष फरक पडला, तेवढीच पाहू.

कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट झाली असे घोषित केले. कलम २३ ने वेठबिगार व सक्तीची मजुरी यांस मनाई करून ती शिक्षेस पात्र ठरविली. आपल्या आजोबांच्या पाठीवरील गवताचा भारा ह्या कलमाने उतरविला. कलम ३२ ने मूलभूत हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा अधिकार दिला. हे कलम म्हणजे घटनेचा आत्मा होय, असा त्याचा गौरव डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी केला. हक्क सांगितला आणि दाद मागण्याची जागा दिली नाही, तर तो हक्क केवळ सुभाषित ठरतो, हे त्या वकिलास पक्के ठाऊक होते.

पाचव्या परिशिष्टाने अनुसूचित क्षेत्रांची व्यवस्था लावली. ५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी ते सुधारलेल्या स्वरूपात सभेपुढे मांडले. इंग्रजांनी 'वगळलेला' म्हणून बाजूस टाकलेला शहापूर तालुका ह्या परिशिष्टामुळे 'रक्षणीय' ठरला. आज संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाड तालुक्यातील ७७ गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ह्या क्षेत्रातील नोकऱ्या आणि जागा यांवरून अलीकडे आपल्या तरुणांत व आदिवासी तरुणांत कटुता उत्पन्न होते. आपले गाऱ्हाणे असेल तर ते सनदशीर मार्गाने अवश्य मांडावे. पण ज्या ठाकूर-कातकऱ्याच्या खांद्याला खांदा लावून आपल्या वाडवडिलांनी वेठ केली, त्यास शत्रू समजणे कृतघ्नपणाचे होईल.

गावाविषयीचा वाद

डॉ. आंबेडकरांचे एक मत आपणा खेडुतांस झोंबणारे आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा सादर करताना त्यांनी खेड्याच्या गौरवगीतांवर कठोर टीका केली. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे आगर म्हणजे खेडे, असा त्यांचा आशय होता. घटनेचा पाया गाव नव्हे, तर व्यक्ती असावी असे त्यांचे म्हणणे. सभेत अनेकांस हे रुचले नाही. अखेर २२ नोव्हेंबरला के. संतानम यांनी ग्रामपंचायतींच्या संघटनेविषयी कलम सुचविले आणि डॉ. आंबेडकरांनी ते विनातक्रार स्वीकारले. तेच आजचे कलम ४० होय. त्याच बीजाचा वृक्ष १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने झाला. आज आपल्या गावांत सरपंचपदी भगिनी बसलेल्या दिसतात, त्या त्याच वृक्षाच्या छायेत.

मग खरे कोणाचे? ज्या विहिरीवर सर्वांस पाणी भरू दिले जात नव्हते, त्या विहिरीच्या काठावर उभे राहून विचार केला म्हणजे डॉ. आंबेडकरांचा राग समजतो. आणि पूर आला असता सारा गाव एका दोराने ओढ्यातील गुरे ओढतो, तेव्हा संतानम यांचे म्हणणेही पटते. आपले गाव ह्यांपैकी कोणते ठरावे, हे घटनेने आपल्यावर सोपविले आहे.

कागद आणि कसणारा

आता पेटीतील कागदाकडे वळू. मुंबई सरकारने १९४८ साली कूळवहिवाट व शेतजमीन कायदा केला, आणि त्यानंतर खोती नष्ट करणारा कायदाही केला. जमीनदारांनी देशभर न्यायालयांत धाव घेतली. मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा त्यांनी आधार घेतला. तेव्हा १९५१ च्या जून महिन्यात पहिली घटनादुरुस्ती होऊन घटनेस नववे परिशिष्ट जोडण्यात आले. त्यात नोंदलेल्या कायद्यांस मूलभूत हक्कांच्या कारणाने बाधा येऊ नये अशी ती योजना होती. त्या पहिल्या यादीत १३ कायदे होते. दुसऱ्या क्रमांकावर आपला मुंबई कूळ कायदा आणि सहाव्या क्रमांकावर मुंबईचा खोती नष्ट करणारा कायदा! १९३७ साली जी मागणी मुंबईच्या सभेत अडकून पडली, ती १४ वर्षांनी घटनेच्या कवचात जाऊन बसली, आणि त्या वेळी देशाचे कायदेमंत्री डॉ. आंबेडकरच होते. मालमत्तेविषयीच्या मूळ ३१ व्या कलमाची रचना मात्र त्यांस समाधानकारक वाटत नव्हती, हे त्यांनी १९५५ साली राज्यसभेत उघड सांगितले. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते कलम मूलभूत हक्कांतून गेले.

१९५६ साली कूळ कायद्यात मोठी सुधारणा झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. कलम ३२-ग प्रमाणे चौकशी होऊन किंमत ठरे. साधारण कुळास ती जमिनीच्या आकाराच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत असे आणि हप्त्यांनी भरता येई. किंमत फिटली की ३२-म चे प्रमाणपत्र. मालकांनी ह्या सुधारणेसही आव्हान दिले. पण १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली.

तथापि ह्या कथेला एक काळी किनार आहे. कायदा दिल्ली-मुंबईत झाला; पण त्याचा लाभ तलाठ्याच्या दप्तरातील पीकपाहणीच्या रकान्यावर अवलंबून राहिला. ज्याचे नाव तेथे लागले तो मालक झाला. ज्याने भीडेपोटी, कर्जापोटी अथवा अज्ञानाने 'मला जमीन नको' अशा कागदावर अंगठा उठविला, तो पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेताबाहेर झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा तथाकथित खुशीच्या राजीनाम्यांचा सुळसुळाट नोंदलेला आहे. आजोबांचे सख्खे चुलतबंधू असेच बाहेर झाले. दोघे एकाच बांधावर कसत होते. फरक इतकाच की, चौकशीच्या दिवशी आजोबा सात कोस चालत तालुक्याला गेले आणि 'जमीन मला हवी' असे बोलले. चुलतबंधूंस मालकाच्या घरचे कार्य होते म्हणून ते गेले नाहीत. एका दिवसाच्या गैरहजेरीने दोन घराण्यांची नशिबे निराळी झाली. घटना हक्क देते. तो बजावण्यासाठी सात कोस चालावे मात्र ज्याचे त्यालाच लागते.

ही गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईस जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्याच शिवारातून समृद्धी महामार्ग गेला. ठिकठिकाणी जमिनीच्या किमती वाढल्या. ज्या जमिनीसाठी आजोबा चालले, ती नातू एका दुपारी विकून मोकळा होतो. विकावी की ठेवावी हा ज्याचा त्याचा अधिकार. पण कागद न वाचता सही करणे म्हणजे चुलतबंधूंचाच अंगठा पुन्हा उठविणे होय.

मागासवर्ग आणि ज्ञाती

आपल्या समाजाच्या शिक्षणाशी निकटचा संबंध असलेली कलमे म्हणजे १६(४) आणि ३४०. मागास वर्गांस सरकारी नोकऱ्यांत जागा राखून ठेवता येतील, हे पहिल्याने सांगितले. अशा वर्गांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा, हे दुसऱ्याने. ह्या वर्गांच्या बाजूने घटना समितीत विदर्भातील डॉ. पंजाबराव देशमुख यांसारखे शेतकऱ्यांचे कैवारीही बोलत होते. घटना लागू होऊन वर्ष उलटले तरी आयोग नेमला जात नाही, ही डॉ. आंबेडकरांची एक तक्रार होती. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना जी कारणे त्यांनी सांगितली, त्यांत हिंदू कोड बिलाच्या जोडीने मागासवर्गांची ही उपेक्षाही होती. पहिला आयोग काकासाहेब कालेलकर यांच्या अध्यक्षतेखाली १९५३ साली नेमला गेला. आज आपली मुले-मुली इतर मागासवर्गाच्या दाखल्यावर वैद्यकीय अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतात. त्या दाखल्यामागे कोणाची तळमळ होती, हे त्यांस सांगणे आपले कर्तव्य आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा लेख एका ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत छापला जात आहे, आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जाती ह्या राष्ट्राला मारक आहेत असे बजावले होते. राजकारणात एक माणूस-एक मत, आणि समाजात व अर्थकारणात मात्र विषमता, ह्या विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत. ती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असा त्यांचा इशारा होता. स्वातंत्र्य आणि समता यांना बंधुभावाचा आधार नसेल तर ती टिकत नाहीत, हे त्यांचे मुख्य सांगणे.

मग ज्ञातिसंस्थेने काय करावे? प्रस्तुत लेखकास असे वाटते की, संस्था ही नदी ओलांडण्याची होडी आहे. पैलतीरी गेल्यावर ती डोक्यावर घेऊन चालावयाचे नसते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, सामुदायिक विवाह, हुंड्यास आळा ही कामे तिने अवश्य करावीत. पण आपल्या वसतिगृहात गरीब कातकऱ्याच्या अथवा बौद्ध बांधवाच्या मुलास एखादी खाट मिळत असेल, तरच आपण त्या घटनाकाराचे नाव घेण्यास पात्र ठरू. १० जानेवारी १९३८ च्या मोर्चात जे एकत्र चालले, त्यांच्या नातवंडांनी एकमेकांस परके मानू नये.

उपसंहार

आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. पेटी आता थोरल्या बंधूंकडे आहे. गेल्या दसऱ्यास पाटावर विळा-कोयता होता, मुलांची पुस्तके होती, तो पिवळा पडलेला कागदही होता. घरातील धाकट्या मुलीने विचारले, "ह्याची पूजा कशाला?" तिला सर्व हकीकत सांगितली. ऐकून ती म्हणाली, "मग पूजा नको, आधी मला वाचायला द्या."

तिने तो कागद आजोबांना कधी आला नसता असा, पहिल्या अक्षरापासून अखेरच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचला. घरातील सर्वजण उभे राहून ऐकत होते. डॉ. आंबेडकरांची पूजा पुष्कळ होते. त्यांनी सिद्ध केलेली घटना वाचण्याचे काम मागे राहिले आहे. 'भारताचे संविधान' मराठीत उपलब्ध आहे. संस्थेच्या प्रत्येक सभासद-कुटुंबात त्याची एक प्रत असावी आणि घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याने ती मोठ्यांस वाचून दाखवावी, एवढीच ह्या लेखाच्या निमित्ताने सर्व ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती आहे.